सोवळ्यातला बहिष्कार

आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत माणसाला वाळीत टाकायचं काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय. कुणी समुद्र ओलांडला म्हणून टाकलं, कुणी विधवेशी लग्न केलं म्हणून टाकलं, कुणी भलत्याच पंक्तीला जेवला म्हणून टाकलं. या कलेत आमचा हात धरणारं काशीत कुणी नाही. मला वाटलं होतं, एकदा तरी ही कला चांगल्या कामाला लावावी. ते कसं झालं ते सांगते. सांगताना आवाज चढेल, तर चढू दे. शाळेत भूगोल शिकवून शिकवून तो तसाही चढलेलाच असतो.

रुआती माझ्या वरच्या खोलीत राहते. मिझोरामची मुलगी, कबीरचौऱ्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. ती राहायला आली त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "नेपाळची का गं?" मी म्हणायची, भारताची. "म्हणजे चीनकडची?" मिझोराम हे भारताचं राज्य आहे हे मी सहावीच्या मुलींना वर्षातून एकदा शिकवते, आणि गल्लीतल्या मोठ्या माणसांना दर आठवड्याला. मुलींच्या लक्षात राहतं.

गल्लीच्या तोंडाशी विश्वेश सावचं दूध-मिठाईचं दुकान आहे. इथली सगळी मराठी घरं त्याचीच गिऱ्हाइकं, आणि त्याला कारण आहे. त्याच्या आजोबांनी आमच्या आजोबांसाठी एक सोय करून ठेवली. दुकानाच्या कट्ट्यावर दुधाचा एक तांब्याचा हंडा वेगळा असतो. त्यात दुकानातलं कुणी हात घालत नाही. गिऱ्हाइकाने यायचं, लांब दांड्याच्या मापाने आपलं दूध आपण काढून घ्यायचं. म्हणजे सोवळ्याला बाध येत नाही. नैवेद्याचे पेढेही त्याच दुधाचे, वेगळ्या कढईत केलेले. हे सगळं इतकं जुनं आहे की कुणी त्याकडे बघतसुद्धा नाही.

रुआतीने मात्र बघितलं होतं. नवीन माणूस बघतोच. थंडी सुरू झाल्यावर रात्रपाळीहून येताना ती विश्वेशकडे कुल्हडभर मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, खायची, कट्ट्याशी उभी राहून, नाकाला फेस लावून घेऊन. तो पैसे घ्यायचा आणि हसायचाही. तिच्या नोटेचा कधी विटाळ झाला नाही.

मार्गशीर्षातली एक सकाळ. मी दुधाला गेले होते, माझ्यापुढे शेजारची निवेदितावहिनी आणि तिच्यापुढे रुआती, हातात स्टीलचा डबा. तिने सगळे करतात तेच केलं. माप उचललं, हंड्यात बुडवलं आणि डब्यात ओतलं.

विश्वेश गादीवरून असा उठला की मला वाटलं साप निघाला.

"अरे छू दिया! पूरा हंडा छू दिया इस चिंकी ने!" त्याने तिच्या हातातलं माप हिसकावलं आणि दणकन फेकलं. "कुत्ता खाने वाले हाथ से पंडित लोगों का दूध छुएगी?" आणि सगळा हंडा उचलून गल्लीच्या नाल्यात उपडा केला. ते दूध रुआतीच्या चपलांवरून वाहत गेलं. तिने पाय मागे घेतला नाही. ती त्या दुधाकडे बघत राहिली.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी म्हटलं, "माफी मांगो इससे. अभी." विश्वेश म्हणाला, "दीदी, हम तो आप ही लोगों का धरम बचा रहे हैं." दुकानासमोर डझनभर माणसं होती. त्यातली अर्धी मला लहानपणापासून ओळखतात. सगळी मूग गिळून उभी. निवेदितावहिनी तर पदर सावरत दोन पावलं मागे सरकली, दूध अंगावर येईल म्हणून.

घरी आल्यावर मी रुआतीला विचारलं, काय करूया? पोलिसांत जायचं?

"पुलिस नहीं," ती म्हणाली. "सॉरी बोले, बस. गाली सबके सामने दी, तो सॉरी भी सबके सामने." मग चपला धूत धूत म्हणाली, "नहीं तो मैं हॉस्पिटल के हॉस्टल चली जाऊँगी, दीदी. रोज़ उस दुकान के सामने से सिर नीचे करके नहीं जाना मुझे."

हॉस्टेलमध्ये एका खोलीत चारजणी राहतात हे मला माहीत होतं. वरची खोली तिने किती हौसेने लावलीय तेही माहीत होतं. तिने इथून जावं आणि विश्वेशने गादीवर लोळत राहावं, हा कुठला न्याय? मी तिला म्हटलं, दत्तजयंतीपर्यंत थांब.

दत्तजयंतीचं गणित सोपं होतं. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात जन्माचा उत्सव असतो. घाटावरची सगळी मराठी घरं येतात, शिवाय महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू. पेढे सगळे विश्वेशकडचे. वर्षभरातली त्याची सगळ्यात मोठी मागणी. ती बंद झाली तर तो वठणीवर येईल. ज्याची गादी आपल्या पैशांवर आहे त्याच्याशी भांडायला लाठी लागत नाही, खरेदी थांबवली की पुरे.

मी घरोघर गेले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पार संकठा घाटापर्यंत. शाळा सुटली की चपला घालून निघायची. प्रत्येक घरी तीच गोष्ट सांगायची, रुआतीने माप उचललं, हंड्यात घातलं, त्याने शिवी दिली, दूध ओतलं. आणि म्हणायची, तो माफी मागेपर्यंत त्याच्याकडून थेंब घ्यायचा नाही. मला वाटलं होतं दारं तोंडावर आपटतील. पण नाही! बायका ऐकून घेत, च्-च् करत, मान हलवत. "खरंच हो, नाहीच घेता येणार आता त्याच्याकडून." देवश्री देवधर तर म्हणाली, "मी तर त्याच दिवसापासून बंद केलंय." मला तिला मिठी मारावीशी वाटली.

सगळ्यात जास्त धास्ती होती ती बिंदुमाधवकाकांची. हे माझे सख्खे काका, तीर्थपुरोहित आणि दत्ताच्या देवळाचे कर्तेधर्ते. नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा पहिला नंबर. गल्लीत त्यांचा शब्द म्हणजे शास्त्र. मी त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा भांडायच्या तयारीनेच राहिले होते.

काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. म्हणाले, "बरोबर आहे तुझं, कस्तू. असल्या दुकानातून देवाला काही घेणं ठीक नाही. मी सर्वांना सांगतो."

मला रडू आलं, खरं सांगते. म्हातारा माणूस, पण न्यायाला धरून बोलला, असं मी त्या रात्री रुआतीला सांगितलं.

आणि बहिष्कार असा काही यशस्वी झाला की विचारू नका. विश्वेशच्या कट्ट्यावर माशा. तांब्याचा हंडा सकाळी भरलेला, संध्याकाळी भरलेला. लोक दूध आणायला पार चौखंब्यापर्यंत चालत जाऊ लागले. मी शाळेला जाताना मुद्दाम त्याच्या दुकानासमोरून, मान वर करून, सावकाश जायची. रुआतीही माझ्याबरोबर तशीच चालायची. एकदा तर ती चक्क गुणगुणत होती. विश्वेश नजर चुकवायचा. मला वाटलं, आता दोन दिवसांत येईल हात जोडत.

दत्तजयंती अगदी तोंडावर आली, आणि एका सकाळी गल्लीत मंत्र ऐकू आले.

मी खाली उतरले. विश्वेशच्या दुकानासमोर गर्दी. कट्ट्यावर पाट, पाटावर बिंदुमाधवकाका, सोवळं नेसलेले. पुढे हंडा, कढया, झारे, मापं मांडून ठेवलेली. काका दर्भाने पंचगव्य शिंपडत होते. एकेका भांड्यावर, मग कट्ट्यावर, मग जिथे रुआती उभी होती त्या दगडावर. विश्वेश ओल्या धोतरात हात जोडून बसलेला. शेवटी गंगेच्या पाण्याची घागर त्या दगडावर ओतली, आणि ते पाणी त्याच नाल्यातून वाहत गेलं.

मंत्र संपले आणि रांग लागली. हो, रांग! डबे, किटल्या, लोटे घेऊन. माझ्या सगळ्या बहिष्कारवाल्या बायका. निवेदितावहिनी सगळ्यात पुढे.

मी तिचा दंड धरला. "वहिनी, हे काय? त्याने माफी कुठे मागितली?"

"कसली माफी?" ती खरोखर गोंधळली होती. "अगं, काकांनी शुद्ध करून दिलं ना आता. घ्यायला हरकत नाही."

"पण आपण घेत का नव्हतो?"

"त्या मुलीचा हात लागला होता म्हणून," वहिनी म्हणाली. आणि मग, अगदी प्रेमाने, "तूच तर सांगायला आली होतीस गं घरोघर. नाहीतर आम्हाला कसं कळणार होतं?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी दारोदार फिरून शिवीची गोष्ट सांगत होते, आणि ही माणसं त्यातला हात तेवढा ऐकत होती. च्-च् केलं ते दुधासाठी. मान हलवली ती हंड्यासाठी. ज्या बहिष्काराचा मी तोरा मिरवत होते तो विश्वेशविरुद्ध नव्हताच. तो रुआतीविरुद्ध होता, आणि त्याची दवंडी मीच पिटली होती. विश्वेशने जे एकदा केलं ते सगळ्या गल्लीने रोज सकाळी केलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी मान वर करून त्यांच्यामधून चालत होते. अंगाची आग आग झाली.

काका पाटावरून उठले. मला बघून हसले. "झालं ना तुझ्या मनासारखं? त्याला अद्दल घडली, दुकान पण शुद्ध झालं. सापही मेला आणि काठीही नाही तुटली."

"साप मेला नाही काका. तुम्ही त्याला दूध पाजलंत."

"हळू बोल. लोक आहेत."

"लोकांसाठीच बोलतेय. त्याने शिवी दिली तिचं काय? तिची शुद्धी कुठल्या गोमूत्राने होते?"

काकांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, ती मुलगी चांगली असेल. माझं काही भांडण नाही तिच्याशी. पण आपलं एक वळण आहे, ते मोडून कसं चालेल? तुमची पिढी उचलली जीभ लावली टाळ्याला. काही दिवसांत विसरशील."

विश्वेश मागून म्हणाला, "दीदी, आपकी बात रख ली हमने. अब तो सब शुद्ध हो गया." त्याच्या मनात खरोखर काही उरलं नव्हतं. त्याच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं.

रुआती माझ्यामागे कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. रात्रपाळीहून येत होती, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तिने तो ओला दगड बघितला, भांडी बघितली, रांग बघितली.

"ये पूजा मेरे हाथ के लिए हुई?" तिने मला विचारलं.

मी हो म्हटलं. खोटं काय बोलायचं होतं?

ती घरी आली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. मी दारात उभी राहून बोलत राहिले. दत्तजयंतीपर्यंत थांब म्हटलं होतं ना मी, अजून दत्तजयंती झालेली नाही, मी काहीतरी करते. ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "क्यों रुकूँ, दीदी? और कौन सी पूजा बाकी है मेरी?"

मी खाली येऊन भांडी आपटली.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी मी देवळात गेले ती भक्तीने गेले नव्हते. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले. वर रुआतीचं सामान बांधून तयार होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाणार होती. देवळात माणूस मावत नव्हतं. साताऱ्याहून आलेले यात्रेकरू, घाटावरची घरं, लहान मुलं. खांबाशी विश्वेश उभा, स्वच्छ कुर्ता घालून, पेढ्यांची दुसरी परात सांभाळत. जन्म झाला, पाळणा हलला, आरती झाली. मग काका परात घेऊन गाभाऱ्याच्या पायरीवर बसले आणि प्रसादाची रांग पुढे सरकू लागली. सुंठवड्याची चिमूट आणि एक पेढा.

माझी पाळी आली. काकांनी पेढा पुढे केला. मी हात पाठीमागे घेतले.

"घे गं."

"नको."

प्रसादाला नको म्हणणारं माणूस त्या देवळाने पाहिलं नसावं. आमच्याकडे मधुमेहाचे रोगीसुद्धा प्रसाद कपाळाला लावून कणभर तोंडात टाकतात. उपास असला तर पदराला बांधून नेतात. नाही कुणी म्हणत नाही. मी पाठीमागे बोटं घट्ट गुंफली, हात पुढे करायची लहानपणापासूनची सवय आहे ती.

"कस्तू, देवाचा प्रसाद आहे," काका खालच्या आवाजात म्हणाले. "तुझं भांडण माझ्याशी आहे, देवाशी नाही."

"हा पेढा ज्या कढईतला आहे ती कढई शुद्ध का करावी लागली, तेवढं सांगा. मोठ्याने सांगा. मग घेते."

काका परातीतले पेढे सारखे करू लागले. पेढा घेऊन बाजूला थांबलेल्या साताऱ्याच्या एका बाईंनी विचारलं, "काय झालं हो? कढईचं काय?"

मी वळले आणि सांगितलं. या वेळी हात, माप, हंडा यातलं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की या पेढेवाल्याने माझ्या घरात राहणाऱ्या मुलीला, तिचे डोळे आणि नाक आपल्यासारखे नाहीत म्हणून, भर गल्लीत कुत्रा खाणारी म्हटलं, तिच्या पायावर दूध ओतलं, आणि या गल्लीने त्याची पूजा घातली. "ज्यांना हे गोड लागतं त्यांनी घ्या," मी म्हटलं. "मला लागत नाही."

शाळेतला आवाज होता माझा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

सुरेखाकाकू, म्हणजे काकांचीच बायको, पायरीजवळ बसून सुंठवडा देत होत्या. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना नवऱ्यापुढे बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या पदराच्या टोकाला बांधलेला पेढा सोडला आणि परातीत परत ठेवला. साताऱ्याच्या बाईंनीही ठेवला. निवेदितावहिनीने आपला पटकन तोंडात टाकला आणि खाली बघितलं. तेवढंच. कुणी क्रांती केली नाही. ज्यांच्या हातात पेढा होता त्यातल्या बहुतेकांनी मुठी मिटून घेतल्या, आणि मी कधी एकदा बाजूला होते याची सगळे वाट बघत राहिले.

मी बाजूला झाले नाही. आणि मग दारातून लोक सरकले.

रुआती आत आली. चपला तिने बाहेर काढल्या होत्या. माझा आवाज वरच्या खोलीपर्यंत पोचला होता, हे तिने नंतर सांगितलं. ती रांगेच्या कडेने चालत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिला जागा द्यायला माणसं मागे झाली, की तिच्यापासून लांब व्हायला, कोण जाणे.

काकांना सुटकेची वाट दिसली असावी. त्यांनी सगळ्यात मोठा पेढा निवडला आणि हात पुढे केला. "आओ बेटी, लो. प्रसाद लो. भगवान के घर में सब बराबर हैं."

तिने पेढ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खांबाशी उभ्या विश्वेशकडे बोट केलं. "पहले ये माफ़ी माँगेंगे."

कुणीतरी खोकलं. काकांचा हात तसाच हवेत. मागे रांग दारापर्यंत गेली होती, लहान मुलं कुरकुरत होती, आणि पेढा घेतल्याशिवाय कुणाला जाता येत नव्हतं. विश्वेशच्या हातातली परात आता जड झाली असणार. त्याने ती खाली ठेवली, दोन पावलं पुढे आला आणि कमरेत वाकला.

"गुरुजी," तो काकांसमोर हात जोडून म्हणाला, "गलती हो गई. माफ कर दीजिए."

काका लगेच म्हणाले, "हो गया, हो गया. चला, पुढे चला."

"उधर नहीं," रुआती म्हणाली. ती ओरडली नाही. "इधर."

विश्वेशने काकांकडे पाहिलं. काकांनी हातातला पेढा परातीत ठेवला आणि मूर्तीकडे तोंड केलं. विश्वेशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मदतीला जाणार नव्हते. मग सुरेखाकाकूंकडे, मग रांगेकडे. कुठेच आधार मिळाला नाही, तेव्हा तो रुआतीकडे वळला. रोज मलइयो देताना त्याने तिचा चेहरा पाहिला नसावा, आता पाहत होता. हात जोडले आणि तोंड उघडलं, आणि तिथेच अडकला. जिला हाक मारायला त्याच्याकडे एकच शब्द होता, तो त्याला आता वापरता येत नव्हता.

"बहनजी..."

"मेरा नाम है," ती म्हणाली. "वानलालरुआती. नाम लेके बोलिए."

त्याने प्रयत्न केला. अर्ध्यात जीभ वळली. मागून कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या ना, झालं की आता. रुआतीने आपलं नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, आणि हाताची घडी घालून उभी राहिली. त्याने पुन्हा सुरुवात केली.